गरम, ताण, गार : उंदराच्या शेपटीपासून चाकणच्या खोलीपर्यंत

आजचा विषय जरा अवघड आहे, म्हणजे बोलायला अवघड. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ मध्ये सुरू केलं आणि १९५३ पर्यंत चालवलं. कामविज्ञानावर मराठीत सरळ लिहिल्याबद्दल त्यांना कोर्टाची पायरीही चढावी लागली. एवढ्या वर्षांनी आपण लाजून इंग्रजीत लपायचं कारण नाही. म्हणून सरळ विचारतो : लिंग शेकून ताणलं आणि मग बर्फाने गार केलं, तर लांबी वाढते का?

हा प्रश्न माझ्याकडे आला तो चुलतभावाच्या रूममेटकडून. चाकणला हीट ट्रीटमेंटच्या कामावर आहे. घरी लग्नाचं बघतायत आणि हा प्रत्येक स्थळाला काहीतरी कारण काढून नाही म्हणतो. एका रविवारी माझ्याकडे आला तेव्हा गरम टॉवेलने कातडीवर फोड आले होते. डॉक्टरकडे जायची लाज, म्हणून पीएचडी करणाऱ्या माणसाकडे. (माझी पीएचडी या विषयात नाही, हे त्याला तीनदा सांगितलं.) त्याचा युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा होता. “आमच्याकडे भट्टीत तापवलं की लोखंड मऊ होतं, हवा तसा आकार देता येतो, गार केलं की पक्कं होतं. मग इथे का नाही?”

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबावं. पटणारी यंत्रणा सांगता आली म्हणजे पुरावा मिळाला, असं होत नाही. दावा कुठून आला, त्याच्या मुळाशी जा.

या दाव्याला मूळ आहे, आणि ते चक्क चांगल्या संशोधनात आहे. १९७० मध्ये सिएटलच्या लेहमन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या शेपटीतले टेंडन, म्हणजे स्नायूबंध, काढून सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले आणि त्यांना वजन लावलं. नुसती उष्णता किंवा नुसतं वजन यापेक्षा दोन्ही एकत्र असताना, वजन काढल्यावर शिल्लक राहिलेली लांबी जास्त होती. पुढे १९८१ मध्ये सपेगा आणि सहकाऱ्यांनी आखडलेल्या सांध्यांच्या व्यायामासाठी सुचवलं, की आधी शेकावं, हळू आणि कमी ताण द्यावा, आणि ताण सोडण्यापूर्वी गार करावं. ‘गरम, ताण, गार’ हा क्रम इथला आहे. फिजिओथेरपीतून तो उचलला गेला आणि भलत्याच अवयवाला चिकटवला गेला.

आता बघा किती उड्या मारल्या. उंदराच्या शेपटीचा टेंडन म्हणजे कोलॅजनच्या जवळजवळ समांतर दोऱ्यांची जुडी, एकाच दिशेने ओढायला बनलेली. लिंगाची लांबी ज्या आवरणावर ठरते ते ‘ट्युनिका अल्बुजिनिया’. त्याच्या आतल्या थरातले तंतू गोलाकार, बाहेरच्या थरातले उभे, आणि त्यात इलॅस्टिनही मिसळलेलं. टेंडन मृत होता, बाथमध्ये बुडवलेला होता, त्यात रक्त वाहत नव्हतं. जिवंत शरीरात बाहेरून शेकलं की रक्तप्रवाह वाढतो आणि उष्णता वाहून नेतो. म्हणजे आत ४५ अंश गाठायचे तर बाहेर त्याहून जास्त द्यावे लागणार.

आणि कातडी? १९४७ च्या मोरिट्झ आणि हेन्रिकेस यांच्या प्रयोगांनुसार ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे ६ तास लागतात. पुढे ५१ अंशांपर्यंत दर अंशाला ही वेळ साधारण निम्मी होते आणि ६० अंशांना काही सेकंद पुरतात. वाफाळता टॉवेल सहज तिथे पोचतो. शेजारी वृषणं आहेत, त्यांना तर शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमीच तापमान लागतं. बर्फ थेट लावला तर हिमदाह वेगळाच.

लोखंडाची उपमाही इथे उलटी पडते. कोलॅजन ६०-६५ अंशांच्या आसपास तापवलं तर ते आखडतं. चामड्यावर उकळतं पाणी पडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको.

मग ताण देऊन काहीच होत नाही का? असंही नाही. गोंतेरो आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला किमान ४ तास, ६ महिने, ताण देणारं उपकरण लावलं. ढिल्या अवस्थेत सरासरी २.३ सेंमी आणि ताणलेल्या अवस्थेत १.७ सेंमी वाढ नोंदवली, जाडीत फरक नाही. पण माणसं मोजकी, तुलनेचा गट नाही. आणि त्यात ना शेक होता ना बर्फ. पंधरा मिनिटं हाताने ओढण्याला हा पुरावा लागू करणं म्हणजे पुन्हा तीच उडी.

मोजमापाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्हील आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २० अभ्यासांतली १५,५२१ पर्यंत पुरुषांची मापं एकत्र केली : ताणलेली लांबी सरासरी १३.२४ सेंमी, ताठ १३.१२. केरळमधल्या ३०१ पुरुषांच्या २००७ च्या अभ्यासात ताणलेली लांबी १०.८८, पण ज्यांची ताठ अवस्थेत मोजली त्यांची १३.०१. ताठ लांबी जवळजवळ तीच, ताणलेली मात्र अडीच सेंमीच्या आसपास कमी! मोजणाऱ्याने किती जोराने ओढलं यावर आकडा हलतो, हे लक्षात ठेवूनच असे तक्ते वाचावेत. इटलीतल्या २००२ च्या एका अभ्यासात लांबी वाढवून मागायला आलेले ६७ जण तपासले, त्यांच्यात खरंच अतिलहान म्हणावं असा एकही निघाला नाही.

तापमानाने तर आकडा आणखी हलतो. कातडीखाली डार्टोस नावाचा स्नायूंचा थर असतो. गारव्यात तो आकुंचन पावतो, उबेत सैल पडतो.

आपल्या या मित्राकडे वही होती. महिनाभराच्या नोंदी, तारखेसकट, मिलिमीटरमध्ये. एवढी शिस्त माझ्या लॅबबुकात नाही. पहिलं माप जानेवारीत, रात्रपाळीहून आल्यावर घेतलेलं. पुढची सगळी शेक दिल्यानंतर, बर्फ लावायच्या आधी. एकूण ‘वाढ’ ९ मिमी. मी वही उलटी करून त्याच्यासमोर ठेवली आणि विचारलं, तुमच्याकडे पार्ट कधी मोजतात?

“रूममध्ये ठेवून, २० डिग्रीला आल्यावर,” तो म्हणाला. मग बराच वेळ वहीकडे बघत राहिला. “गरम पार्ट मोजला तर क्यूसीवाला हाकलून देईल.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो त्वचारोगाच्या ओपीडीत गेला. फोड बरे झाल्यावर युरॉलॉजिस्टलाही दाखवून आला. तपासणीत सगळं नॉर्मल. वही अजून माझ्याकडेच आहे.