प्रेशर वॉशर नुसता घुमतो, फिरत नाही : कपॅसिटर घरीच कसा बदलावा?

स्क्रीन प्रिंटिंगच्या फ्रेमा धुणे असो की टेंपो-रिक्षा धुणे, आपल्या अनेक कारागीर बांधवांकडे आता प्रेशर वॉशर आला आहे. त्याबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. बटण दाबले की मशीन 'गुं गुं' करते, पण मोटार फिरत नाही. दुरुस्तीवाला बहुधा "वाइंडिंग गेली" असे सांगून मोकळा होतो. ते दर वेळी खरे नसते. पुष्कळदा दोष फक्त कपॅसिटरचा असतो, आणि रिवाइंडिंगच्या खर्चापुढे त्याची किंमत अगदी किरकोळ आहे.

आधी मशीनची जात ओळखावी. हलक्या, कर्कश आवाजाच्या स्वस्त मशीनमध्ये कार्बन ब्रशची मोटार असते, तिला हा इलाज लागू नाही. वजनदार, कमी आवाजाच्या मशीनमध्ये इंडक्शन मोटार असते. घरातील सिंगल फेज विजेवर ही मोटार आपल्या बळावर फिरायला लागत नाही; कपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगमधून तिला धक्का देतो. लूमची मोटार बहुधा तीन फेजची, तिला याची गरज नसते. म्हणून चांगल्या जॉबरलाही हा दोष चटकन सुचत नाही. बिल कमी यावे म्हणून कारखान्यात लावतात तो कपॅसिटर वेगळ्या कामाचा.

मशीन घुमू लागताच बटण बंद करावे. थांबलेली मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट खेचते. थोडा वेळ तशीच ठेवली तर वाइंडिंग खरोखरच जळते, आणि मग दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे ठरते!

कपॅसिटरवर आळ घेण्यापूर्वी व्होल्टेज कमी आहे का, एक्स्टेन्शनची वायर लांब व बारीक आहे का, हे पाहावे. गनचा घोडा दाबून अडकलेले प्रेशर सोडावे. मग प्लग काढून मोटारीचा पंखा हाताने फिरवावा. तो मोकळा फिरत असेल तर संशय कपॅसिटरवर. जाम असेल तर पंप किंवा बेअरिंग पाहावे लागेल.

आता खबरदारीची गोष्ट. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि तिचा झटका जबर असतो. मशीन पूर्ण कोरडे करून, पाण्याचा नळ बंद करून मगच झाकण उघडावे. शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब होल्डरला लावून, होल्डरच्या दोन वायरी कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवाव्यात. वायरीची उघडी टोके हाताला लागू देऊ नयेत. एलईडी बल्ब या कामाचा नाही. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची रीत हरगिज वापरू नये. वायरी काढण्यापूर्वी कोणती कुठे होती ते कागदावर लिहून ठेवावे.

कपॅसिटर फुगला असेल किंवा त्यातून तेल गळत असेल तर तो गेलाच समजा. बाहेरून ठीक दिसणाराही कमजोर असू शकतो. मायक्रोफॅरड मोजणारे मीटर लावावे. ३६ चा कपॅसिटर २० दाखवत असेल तर शंका उरत नाही.

दुकानात जुना कपॅसिटर सोबत न्यावा. मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नकोत. "मोठा घाला, मोटार जोरात पळेल" हा सल्ला ऐकू नये. त्याने वाइंडिंग तापते. 'रनिंग' कपॅसिटरच मागावा. 'स्टार्टिंग'चा कपॅसिटर क्षणभराच्या कामासाठी असतो, सतत चालवला तर फुटतो. याला प्लस-मायनस नसते, म्हणून दोन टोकांची अदलाबदल झाली तरी चालते.

झाकणाचे रबर नीट बसवावे, स्क्रू सगळे लावावेत. आत पाणी गेले तर जीवावर बेतेल. अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटवर, शक्यतो ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतूनच मशीन चालवावे. नवा कपॅसिटर घालूनही ते घुमतच राहिले तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नये, मोटार जाणकार वायरमनला दाखवावी.