भाड्याच्या घरातील फ्रीज : फायद्याचा की तोट्याचा?

बडोद्यातील दांडिया बाजारात आमच्या परिचयाच्या एका आजींचे जुने दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर एक बिऱ्हाड, खाली एक, आणि मागील खोलीत स्वतः आजी. या दोन बिऱ्हाडांच्या भाड्यावरच त्यांचा चरितार्थ चालतो. मध्यंतरी वरची जागा लागोपाठ दोन महिने रिकामी राहिली. तेव्हा जागा दाखविणाऱ्या दलालाने त्यांना सल्ला दिला, "आजी, फ्रीज, शेगडी आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र ठेवा. भाडे आपोआप वाढेल." एकूण खर्च २७,००० रुपयांचा होता, आणि त्यासाठी बँकेतील ठेव मोडावी लागणार होती. "तुम्ही शिकलेली माणसे, जरा हिशेब करून सांगा," असे त्या म्हणाल्या, म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब शाळेतील व्याजाच्या उदाहरणांहून फारसा निराळा नाही; विद्यार्थी वाचकांनी तो स्वतः पडताळून पाहावा.

प्रथम फ्रीज घेऊ. त्याची किंमत १५,००० रुपये, आणि तो १० वर्षे टिकेल असे धरू. म्हणजे दरवर्षी १,५०० रुपयांची झीज झाली. हिशेबाच्या भाषेत हाच घसारा. परंतु खर्च येथे संपत नाही. ही रक्कम बँकेत राहिली असती तर तिला व्याज मिळाले असते. दर शेकडा ७ धरला आणि दहा वर्षांत सरासरी निम्मी रक्कम गुंतून राहते हे ध्यानात घेतले, तर बुडालेले व्याज वर्षाला ५२५ रुपये होते. दुरुस्तीसाठी ६०० रुपये बाजूला ठेवू. एकूण २,६२५ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २१९ रुपये. आता फ्रीजमुळे भाडे दरमहा ३०० रुपयांनी वाढले, तर वर्षाची ३,६०० रुपये जादा मिळकत होईल आणि पदरात पडतील ते ९७५ रुपये. ज्याच्यासाठी ठेव मोडावी असा हा लाभ नव्हे.

मात्र येथवरचा हिशेब अपुरा आहे, हे आमच्या जरा उशिरा ध्यानात आले. आजींचे खरे नुकसान भाडे कमी असल्यामुळे होत नव्हते, ते जागा रिकामी राहिल्यामुळे होत होते. वरच्या जागेचे भाडे ९,००० रुपये. फ्रीज असल्यामुळे ती जागा दोन महिन्यांऐवजी एकच महिना रिकामी राहिली, तर एका फटक्यात ९,००० रुपये वाचतात. फ्रीजचा साऱ्या वर्षाचा खर्च त्यात तीनदा भागून उरतो.

पण फ्रीज पाहून जागा लवकर घेणारा बिऱ्हाडकरू कोण? बडोद्यात १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, आणि शिक्षणासाठी बाहेरगावाहून येणाऱ्यांची येथे कधीच वाण पडली नाही. असा विद्यार्थी, किंवा बदली होऊन आलेला एकटा नोकरदार, एक ट्रंक आणि वळकटी घेऊन येतो (हल्ली वळकटीची जागा चाकांच्या बॅगेने घेतली आहे, इतकेच). दोन वर्षांसाठी फ्रीज विकत घेणे आणि जाताना तो विकत बसणे त्याला नको असते. याउलट संसारी कुटुंब स्वतःचा फ्रीज टेम्पोत घालूनच येते. त्यांच्या दृष्टीने मालकाचा फ्रीज म्हणजे स्वयंपाकघरातील अडगळ. तेथे भाडे वाढत नाही, जागाही लवकर जात नाही, आणि २,६२५ रुपयांचा खर्च मात्र चालूच राहतो. तोच फ्रीज वरच्या मजल्यावर फायद्याचा आणि खालच्या मजल्यावर तोट्याचा ठरतो, तो यामुळे. खालच्या मजल्याला आणखी एक भय आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरील कित्येकांची उपकरणे त्या पुराने निकामी केली.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राविषयी आमचे मत स्पष्ट आहे : ठेवू नये. ९,००० रुपयांचे यंत्र ६ वर्षे चालले असे धरले, तर घसारा व व्याज मिळून वर्षाला १,८१५ रुपये होतात; त्यावर गाळण्या बदलण्याचे सुमारे ३,००० रुपये. म्हणजे महिन्याला ४०० रुपये झाले. शिवाय गाळणी वेळेवर बदलली नाही, तर पाणी शुद्ध होत असल्याचा भ्रम तेवढा शिल्लक राहतो, आणि जबाबदारी मालकावर येते. मिक्सरही बिऱ्हाडकरूचा त्यानेच आणावा.

शेगडीची गोष्ट निराळी. ती स्वस्त असते आणि सहसा बिघडत नाही. मात्र बडोद्यात पुष्कळ घरांत नळाने नैसर्गिक वायू येतो, आणि सिलिंडरची शेगडी त्याला तशीच जोडता येत नाही. समान घनफळात नैसर्गिक वायूची उष्णता सिलिंडरच्या वायूहून बरीच कमी असते. म्हणून त्याच्यासाठी जेटचे छिद्र मोठे असावे लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. विजेची इंडक्शन शेगडी ठेवण्याचा मोह जुन्या घरात तरी आवरावा. २,००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते, आणि जुन्या भिंतींवरील साधे सॉकेट असते ६ अँपिअरचे. वायरिंग बदलण्याचा खर्च मग शेगडीहूनही जड होतो.

फ्रीज घेताना एक अन्याय सहज घडतो. खरेदी मालक करतो आणि विजेचे बिल बिऱ्हाडकरू भरतो. त्यामुळे मालक स्वस्तातला किंवा घरातला जुना फ्रीज तेथे ढकलतो. २००६ सालापासून ऊर्जा दक्षता ब्यूरोची ताऱ्यांची चिठ्ठी उपकरणांवर येऊ लागली. फ्रीजच्या चिठ्ठीवर तो वर्षाला किती युनिटे वीज खातो, हे छापलेले असते. दुकानात किमतीआधी तो आकडा वाचावा. करारातही फ्रीजचा क्रमांक, त्याची स्थिती आणि दुरुस्ती कोणी करावयाची, हे लिहून घ्यावे. अनामत परत करण्याच्या वेळी होणारे बहुतेक तंटे या तीन ओळी नसल्यामुळे होतात.

आजींनी अखेर १८,००० रुपयांचीच ठेव मोडली. फ्रीज आणि शेगडी वरच्या मजल्यावर गेली. खालच्या स्वयंपाकघरात काही ठेवले नाही. फक्त फोडणीच्या धुराने काळवंडणाऱ्या भिंतीसाठी, भाड्यातून पैसे साठल्यावर, एक धूर ओढणारा पंखा बसविला. पुढच्या खेपेस वरची जागा तीन आठवड्यांत गेली. एका अनुभवावरून सिद्धांत काढू नये, हे आम्ही आजींना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, आणि मोडलेल्या ठेवीची भरपाई करण्यासाठी दरमहा ३०० रुपये डब्यात टाकण्यास आरंभ केला.