सशाला मारू नका

पोरानं हौसेनं पांढरा ससा आणला. पिल्लानं बाजेचा सुंभ कुरतडला, ओटीची जमीन उकरली. पण काठी उचलू नका. ही खोड नव्हे, गरज आहे.

सातारा-सांगलीच्या माळावरचा रानससा बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो. त्याला धरणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पाळीव ससा निराळा. त्याचे पूर्वज युरोपात बिळं करून राहत. म्हणून तो उकरतो. त्याचे दातही जन्मभर वाढतात. ते झिजावेच लागतात.

मग करावं काय? पुढ्यात सदा वाळलं गवत ठेवा. कुरतडायला तुतीची काडी द्या. घमेल्यात माती भरून ठेवा. तिथं खुशाल उकरू दे. विजेची वायर उंच बांधा. दात लागला तर जीव जाईल. आणि धरून मारलंत, तर धडपडीत सशाचा कणा मोडू शकतो.