डोळे लेकराचे, समुपदेशन आईबापाला कशासाठी?

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या आसपास असो की मराठवाड्यात आणखी कुठे, लेकराला दिसत नाही हे कळलं की घराची सगळी धावपळ डोळ्यांच्या डॉक्टरांमागे सुरू होते. ती व्हायलाच हवी. जन्मजात मोतीबिंदूत तर काही आठवड्यांच्या उशिरानेही नजरेचं नुकसान होतं. पण ‘आईवडिलांनीही समुपदेशकाला भेटावं’ असं सांगितलं की घरात प्रश्न उठतो : डोळे लेकराचे, मग आमचं काय बिघडलंय?

गैरसमजाची सुरुवात बहुधा मायपासून होते. तिने ग्रहण पाळलं नाही, गरोदरपणात विळी हातात घेतली, म्हणून असं झालं म्हणे. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. जन्मजात मोतीबिंदू, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाचा आजार, गरोदरपणात झालेला रुबेला, आनुवंशिक दोष ही खरी कारणं आहेत. अनेक आनुवंशिक आजारांत सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं; नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. हे सासू-सासऱ्यांसमोर, बापाच्या उपस्थितीत, जाणत्या माणसाने नीट सांगणं हेच समुपदेशनातलं एक मोठं काम. दोषाचं ओझं उतरल्याशिवाय ती माय लेकराशी मोकळेपणी खेळणार कशी?

दुसरा गैरसमज मनाला जास्त लागतो : ‘बाळाला माया नाही, हाक मारली तरी हसत नाही.’ अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये सेल्मा फ्रायबर्ग यांनी जन्मांध बाळं आणि त्यांच्या आया यांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1977 साली आलं. त्यांना दिसलं ते असं : आईचा आवाज आला की असं बाळ पुष्कळदा स्तब्ध होतं, कारण ते कान देऊन ऐकत असतं. चेहरा कोरा राहतो, पण बोटं हलतात, चाचपतात, धरू पाहतात. ओढ हातांत उमटते. फ्रायबर्ग यांनी आईबापांना चेहऱ्याऐवजी हात वाचायला शिकवलं. आवाजाच्या रोखाने हात पुढे करणंही या बाळांना उशिरा, साधारण पहिल्या वर्षाच्या अखेरीकडे जमतं. त्याआधी खुळखुळा वाजला तरी तिथे वस्तू आहे हे त्यांना उमगलेलं नसतं. हे ठाऊक नसलेली माय हळूहळू बोलणं कमी करते, आणि बाळ आणखी गप्प होतं. उचलण्याआधी हाक मारणं, भरवण्याआधी वाटी हाताला लावणं, या गोष्टी घरातल्या प्रत्येकाने शिकायच्या असतात. आईबाप ऊसतोडीला जात असतील आणि लेकरू आजीजवळ राहत असेल, तर आजीनेही. माझ्या मते तिला वगळून दिलेलं प्रशिक्षण अर्धंच.

समुपदेशन वेड्यांसाठी असतं, हाही समज आहे. प्रत्यक्षात तिथे घराची घडी बघितली जाते : सगळं मायच करते का, बाप गप्प का झाला, थोरल्या बहिणीवर किती भार पडतो, कीव करून लेकराचा प्रत्येक घास आपणच भरवतो का. दुःखही एकदा रडून संपत नाही. शाळेत घालताना, वयात येताना ते पुन्हा वर येतं, आणि त्यात अस्वाभाविक काही नाही. समुपदेशनाने दृष्टी येत नाही. घरातले एकमेकांशी बोलू लागतात, आणि लेकराला त्याची फार गरज असते.

‘वसतिगृहात टाकण्यावाचून इलाज नाही’ हेही खरं नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिकता येतं. विशेष शाळा चांगलीच असू शकते. फक्त ती निवड असावी, सुटका नसावी.

मदतीची सुरुवात अंगणवाडीतूनही होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे वर्षातून दोनदा तपासणीला येतं आणि गरजेप्रमाणे पुढे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतं. आणि रात्री सगळे झोपल्यावर मन भरून आलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.