शिकागोचें सहस्रमुखी कारंजें

पुतळा दिसला कीं तो कोणाचा, हें आपण प्रथम विचारतों. ज्यानें राज्य स्थापिलें, रण जिंकलें, ग्रंथ लिहिले किंवा निदान भरपूर दान केलें, अशा पुरुषासाठीं चौथरा बांधावयाचा आणि इतरांनीं खालून मान वर करून त्याच्याकडे पाहावयाचें, असा जगांतील बहुतेक शहरांचा रिवाज आहे. अमेरिकेंतील शिकागो शहरांत मात्र एक असें शिल्प आहे कीं, त्यांत पन्नास फूट उंच जे चेहरे दिसतात त्यांचीं नांवें तेथें कोठेंहि कोरलेलीं नाहींत. ते चेहरे त्याच शहरांत राहणाऱ्या साध्या माणसांचे आहेत. त्या शिल्पाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

क्राउन फाउंटन या नांवाचें हें कारंजें मिलेनियम पार्क या उद्यानांत, मिशिगन अॅव्हेन्यूच्या कडेला आहे. २००४ सालच्या जुलै महिन्यांत तें लोकांसाठीं खुलें झालें. जागेची खूण आपल्या श्रोत्यांस सांगावयाची तर अशी: उद्यानाच्या दक्षिणेचा मन्रो रस्ता ओलांडला कीं आर्ट इन्स्टिट्यूटची भव्य इमारत लागते. १८९३ च्या सप्टेंबरांत सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांचें तें प्रसिद्ध भाषण झालें, तें याच इमारतींत. कारंज्याची कल्पना जौमे प्लेन्सा या शिल्पकाराची. हे गृहस्थ बार्सिलोनाचे. जन्म १९५५ चा. सुमारें १ कोटी ७० लक्ष डॉलर खर्च आला आणि त्यांतील मोठा वांटा क्राउन नांवाच्या धनिक कुटुंबानें उचलला. म्हणजे नांव दात्याचें आणि तोंडें नगरवासीयांचीं, अशी येथें विभागणी झाली आहे. दानाची ही जुनी रीत मात्र सुटली नाहीं!

काळ्या ग्रॅनाइटची २३२ फूट लांबीची एक फरसबंदी डोळ्यांपुढें आणावी. तिच्यावर पाण्याचा थर इतका पातळ कीं बोटाचें पेरहि पुरतें बुडूं नये. लहान मूल त्यांतून निर्धास्त चालावें, आणि दुरून पाहणाऱ्यास तें पाण्यावरूनच चालत आहे असें वाटावें, हा शिल्पकाराचा हेतु होता. फरसबंदीच्या दोन टोकांना, एकमेकांकडे तोंड करून, कांचेच्या विटांचे दोन मनोरे उभे आहेत. साध्या कांचेंत लोहाचा अंश असतो व त्यामुळें तिच्यावर हिरवट झांक येते. चेहऱ्याचा रंग बिघडूं नये म्हणून या विटांसाठीं लोहांश कमी असलेली शुभ्र कांच वापरली आहे. विटांच्या आंत असंख्य बारीक दिव्यांचा पडदा असून त्यावर चित्र उमटतें.

तें चित्र म्हणजे एक चेहरा. केवळ चेहरा, केस, खांदे, वस्त्रें कांहींच नाहीं, कीं ज्यावरून मनुष्य श्रीमंत कीं गरीब तें कळावें. चेहरा स्थिर आहे असें प्रथम वाटतें. मग पापणी मिटते, ओठांच्या कोपऱ्यांत हसूं उमटतें. चित्रणाची गति मुद्दाम मंद केलेली असल्यामुळें साधें पापणी लववणेंहि एखाद्या घटनेसारखें भासतें. कांहीं मिनिटांनीं ओठांचा चंबू होतो, आणि त्या ओठांतून खऱ्या पाण्याची धार खालीं कोसळते. आपल्याकडे कुंडावर गोमुख असतें, युरोपांतील जुन्या देवळांच्या वळचणीला दगडी राक्षसमुखांतून पावसाचें पाणी बाहेर पडतें. ती परंपरा शिल्पकाराच्या मनांत होतीच. फरक इतकाच कीं येथें पाणी देणारें मुख ना गाईचें, ना राक्षसाचें. तें शेजाऱ्याचें आहे.

हे चेहरे मिळविले कसे, ही हकीकत मला शिल्पाइतकीच मनोरंजक वाटते. शहरांतील निरनिराळ्या सामाजिक व धार्मिक संस्थांना माणसें पाठविण्याची विनंती करण्यांत आली. आर्ट इन्स्टिट्यूटशीं संलग्न असलेल्या कलाशाळेंतील मंडळींनीं सुमारें एक हजार जणांचें चित्रण केलें. पाण्याची तोटी मनोऱ्यांत एकाच जागीं पक्की बसविलेली. तेव्हां आजोबा असोत वा शाळकरी पोर, प्रत्येकाचे ओठ नेमके तिच्यापुढें आले पाहिजेत. म्हणून दंतवैद्याकडे असते तशा वरखालीं होणाऱ्या खुर्चीवर प्रत्येकाला बसविलें व चेहरा ठराविक चौकटींत आणला. म्हाताऱ्याच्या कपाळाला पोराच्या कपाळाहून अधिक उंची मिळूं नये, ही समता येथें तोटीनेंच लादली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

उन्हाळ्याच्या दिवशीं तेथें मुलांची झुंबड उडते. ओठ हलूं लागले कीं तीं मनोऱ्याच्या पायथ्याशीं धांवतात आणि धारेची वाट पाहत उभीं राहतात. यंत्राला त्यांच्यापैकीं कोणी दिसत नाहीं, कोणाच्या हांकेला तें उत्तरहि देत नाहीं. तरी मुलें त्या चेहऱ्याला हांका मारतात, त्याच्याशीं बोलतात. खेळ आहे तो वाट पाहण्याचा. आणि या खेळाला त्या शहरांत एक वेगळें मोल आहे. शिकागोच्या वस्त्या वर्णावर्णांनीं विभागलेल्या. दक्षिण व पश्चिम भागांत बव्हंशी कृष्णवर्णीय, उत्तरेकडे बव्हंशी गोरे. एका मनोऱ्यावर कृष्णवर्णीय वृद्धा आणि समोरच्यावर गोरा तरुण, असे ते परस्परांकडे पाहत असतां, दोहोंमधल्या पाण्यांत सगळ्या वस्त्यांतलीं पोरें एकत्र भिजतात. संध्याकाळीं तीं आपापल्या वस्तींतच परत जातात, हेंहि सांगितलें पाहिजे. कारंज्यानें शहराचा नकाशा बदललेला नाहीं.

२००६ सालीं एक निराळाच प्रसंग घडला. सुरक्षिततेसाठीं म्हणून नगरप्रशासनानें दोन्ही मनोऱ्यांच्या माथ्यावर पाळत ठेवणारे कॅमेरे बसविले. लोकांनीं ते पाहिले आणि चोहोंकडून ओरड झाली. अल्पावधींतच ते उतरवावे लागले. शहरांत इतरत्र कॅमेरे थोडे का होते? मग याच दोहोंचा एवढा राग कां यावा? मला वाटतें, येथें लोकांना पाहिलें जाण्याची संवय झाली होती, पण ती शेजाऱ्याच्या नजरेची. त्या चेहऱ्यांनीं खुर्चीवर बसून आपली नजर आपखुषीनें दिली होती. त्यांच्याच डोक्यावर बसून दुसराच कोणी न विचारतां पाहूं लागला, तेव्हां त्या हसऱ्या चेहऱ्यांचा मुखवटा झाला. कलाकृतीच्या रूपाचा प्रश्न होताच, पण त्याहून अधिक तो विश्वासाचा होता.

हिवाळ्यांत पाणी बंद ठेवतात. चेहरे मात्र चालू असतात. बर्फ पडत असतांना रिकाम्या फरसबंदीवरून ते समोरासमोर पाहत राहतात. चित्रणाला आतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या वेळीं खुर्चीवर बसलेलें आठ वर्षांचें मूल आज स्वतःच्या मुलाचा हात धरून तेथें येत असेल, आणि त्या वेळच्या कित्येक वृद्धांचा तर आतां हा मनोऱ्यावरचाच चेहरा मागें उरला असेल. त्यांच्या घरच्या एखाद्यानें आपलें माणूस दिसेपर्यंत तेथेंच बसावयाचें ठरविलें, तर हिशेब असा: प्रत्येक चेहरा सुमारें पांच मिनिटें, मनोरे दोन, चेहरे हजाराच्या घरांत. प्रत्येकाची एकेकदां पाळी यावयाची तर चाळीस तासांहून अधिक वेळ लागेल, आणि आपल्या माणसाची पाळी पहिल्या तासांत येईल कीं शेवटच्या, तें कांहीं सांगतां यावयाचें नाहीं.