उसवता येणाऱ्या वस्तू

आईचा मरून स्वेटर उसवायला घेतला तेव्हा लोकर गुंडाळायला हाताशी आली ती आजोबांची खुर्ची. सागवानी, वेताची बैठक मधोमध फाटलेली, हातांवरचं पॉलिश घामाने काळवंडलेलं. पाठीभोवती धाग्याचे वेढे घालताना ती डुगडुगत होती. स्वेटर आणि खुर्ची दोन्ही टाकायचं, असं घरात ठरलेलं. मला ते पटत नव्हतं, आणि नवं घ्यायला हातही मोकळा नव्हता. म्हणून त्या हिवाळ्यात विणणाऱ्या बायका, सुतार, पॉलिशवाले आणि वेत विणणारे यांच्याकडे जाऊन बसले. आपापल्या कामाच्या भाषेत सगळ्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: जी वस्तू नीट उसवता येते, तीच थोडक्या पैशांत पुन्हा उभी राहते.

हाताने विणलेल्या स्वेटरात धागा सलग चालतो. सुलट टाका असो की उलट, एका फासातून ओढून काढलेला तो दुसरा फास असतो. प्रत्येक टाक्याला गाठ नसते. त्यामुळे शेवटचं टोक सापडलं की ओळीमागून ओळ सुटत जाते. खालच्या पट्टीपासून वर विणलेला स्वेटर गळ्याकडून उसवायचा. त्याआधी कडेच्या शिवणी सोडवायच्या, आणि स्वेटरची खरी परीक्षा होते ती इथे. पुढचा-मागचा भाग टाके वाढवत-घटवत आकारात विणलेला असेल, तर धागा लांबच लांब निघतो. यंत्रावरच्या कापडातून कापून ओव्हरलॉक केलेला असेल, तर प्रत्येक ओळ कडेला कापलेली असते आणि हाती नुसते तुकडे येतात. लोकरीसाठी जुन्या बाजारातून स्वेटर घेणाऱ्याने आधी तो उलटा करून आतली शिवण बघावी. गरम पाण्यात धुऊन आटलेला, नमद्यासारखा घट्ट झालेला स्वेटर घेऊच नये. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकले की सुटत नाहीत.

मोठ्या माणसाच्या स्वेटरातून साधारण हजारेक मीटर धागा निघतो, आणि निघतो तो शेवयांसारखा नागमोडी. त्याची लडी चार ठिकाणी सैल बांधायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायची, न पिळता सावलीत टांगायची आणि खाली हलकंसं वजन लावायचं. ओलाव्याने तंतूंच्या आतले बंध सैल होतात आणि वाळताना सरळ आकारात पुन्हा जुळतात. हल्ली दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. तिची वळणं इतक्या सहजी जात नाहीत, आणि जास्त वाफ दिली तर धागा कायमचा लुळा पडतो. असा वाकडा धागा तसाच विणून मी उशांचे अभ्रे केले. उठावदार विणीत वाकडेपणा दिसून येत नाही.

ही काटकसर काही केवळ आपल्या आज्यांचीच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांवर रेशनिंग आलं, तेव्हा विणायच्या लोकरीलाही कूपन लागे. जुने स्वेटर उसवून पुन्हा विणणं तिथे घरोघरचं काम झालं, आणि 1943 मध्ये सरकारनेच कपडे दुरुस्तीची पुस्तिका काढली. आपल्याकडे 1962 मध्ये चीनशी युद्ध पेटलं. हिमालयात लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते आणि देशभरच्या बायकांनी सुया हाती घेतल्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. आमच्या घरातल्या दहा नंबरच्या सुया त्या वर्षीच्या. आई सांगायची, तेव्हा विणलेलं परत कोणी मागितलं नाही, फक्त सुया जपल्या.

खुर्चीचं पॉलिश कोणतं, हे ओळखायला पॉलिशवाल्याने एक साधी युक्ती दाखवली. न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाने स्पिरिटचा थेंब टेकवायचा. थोड्या वेळात जागा चिकट झाली, तर ते चपड्याचं पॉलिश. आजोबांची खुर्ची चिकट झाली, आणि त्याचा चेहरा खुलला.

चपडा म्हणजे लाख. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर बसून रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच रचतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून ताणलं की तांबूस पापुद्रे होतात. लाखेच्या उत्पादनात झारखंड आघाडीवर आहे. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था 1924 पासून उभी आहे. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूलाही लाख होते. महाभारतातल्या लाक्षागृहाच्या नावात हीच लाख आहे. बालगंधर्वांचा आवाज ज्या जुन्या तबकड्यांत साठवला गेला, त्याही लाखेच्याच. ओळखीच्या वस्तूत इतकं काही दडलेलं असतं, याचा मला अजून अचंबा वाटतो.

दुरुस्तीच्या दृष्टीने लाखेचा मोठा गुण असा की वाळल्यावरही ती स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. नवा हात दिला की तो जुन्या थरात मिसळून जातो, त्यामुळे सगळं खरवडायची गरज पडत नाही. आधी सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने मळ काढायचा, कोरडं करून बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवायचा. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये शंभर-सव्वाशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा. सुती कापडात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि पातळ हात देत राहायचं. बोळा एका जागी थांबवायचा नाही, नाहीतर खालचा थर उचलला जातो. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास गॅस पेटलेला नको. स्पिरिट भडकतं, आणि ते विषारीही असतं. गरम कपाने पडलेलं पांढरं वर्तुळ बऱ्याचदा स्पिरिटचा जेमतेम ओलावा असलेलं फडकं एकदाच फिरवलं की जातं. मेलामाईनचं पॉलिश दिसायला चकचकीत असतं आणि पाण्याला दाद देत नाही, पण ते रासायनिक क्रियेने एकदाच घट्ट होतं. त्यावर ओरखडा उठला तर बहुधा पूर्ण पृष्ठभाग घासावा लागतो. जेवणाच्या टेबलावर ते असू द्यावं, पण आजोबांच्या खुर्चीवर मी ते कधीही चढवणार नाही.

डुगडुगण्याचं कारण सांध्यात होतं. सुताराने खिळा मारू दिला नाही. खिळ्याने लाकूड चिरतं आणि पुढची दुरुस्ती अवघड होते. सांधा सरसाने जोडलेला होता. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा डिंक गरम पाण्याने सैल होतो, म्हणून ओलं गरम फडकं धरून कुसू खाचेतून सरळ निघालं. 1959 मध्ये फेविकॉल आला आणि सरस उकळत बसायचा सुतारांचा त्रास वाचला, हे खरं. पण वाळलेल्या पांढऱ्या डिंकावर नवा डिंक नीट धरत नाही, जुना खरवडून काढावाच लागतो. भुशाच्या फळीचं आणखी कठीण. पाणी लागलं की ती फुगते, आणि एकदा सैल झालेला स्क्रू तिथे सहसा पुन्हा पकडत नाही.

राहिली बैठक. चौकटीला भोकं असतात, त्यांतून भिजवलेला वेत सहा फेऱ्यांत विणतात: दोन उभ्या, दोन आडव्या, शेवटी दोन तिरप्या. तिरप्या फेऱ्या पडल्या की चौकोनाचे अष्टकोन होतात. ओला वेत वाकतो आणि वाळताना ताणून बसतो. हे काम अंधशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. मला शिकवणारे काकाही अंध. दिवसभरात त्यांनी मला चार फेऱ्या करू दिल्या. पाचवी अर्धी झाली तेव्हा त्यांनी बैठकीच्या खालून तळवा फिरवला, मागच्या बाजूच्या एका ठिकाणी बोट थांबवलं आणि म्हणाले, “ताई, इथे वरून जायचं होतं, तुम्ही खालून गेलात.” मला वाकूनही ते दिसेना. काकांनी खुंटी काढली, तिरपी फेरी त्या जागेपर्यंत उसवली आणि वेताचं टोक पुन्हा पाण्यात बुडवून माझ्या हातात दिलं.