पाण्याचा पारा आणि माशांची पिल्ले

पावसाळा सरता सरता महाड-पोलादपूरकडची शेततळी भरलेली असतात. आखातातून परतलेल्या एखाद्या मुलाच्या मनात येते, यात मासे का पाळू नयेत? विचार चांगला आहे. कटला, रोहू, मृगळ यांची वीण पावसाळ्यातच होते, त्यामुळे त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, याच सुमारास मिळतात. घरची बचत त्यात घालण्याआधी मात्र एक गोष्ट समजून घ्यावी: पाण्याचे तापमान.

बाहेर थंडी असो वा ऊन, माणसाचे अंग साधारण ३७ अंशांवर राहते. माशाचे तसे नाही. जसे पाणी, तसे त्याचे अंग. त्याची भूक, पचन आणि वाढ पाण्याच्या उबेवर चालते. या तिन्ही जातींना साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस मानवते. पाणी २० अंशांखाली गेले की पिल्ले कमी खातात आणि रोगाला लवकर बळी पडतात. पोलादपूर तर घाटाच्या पायथ्याशी. थंडीच्या रात्री उथळ तळे लवकर निवते. तेव्हाही रोजच्याइतकाच कोंडा नि पेंड टाकली, तर ती तळाशी कुजते आणि पाणी बिघडते.

उन्हाळ्यात अडचण वेगळी. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. नेमकी तेव्हाच पिल्लांची गरज वाढलेली असते. पहाटे ती वर येऊन तोंडे उघडू लागली, तर श्वास कोंडतो आहे असे समजावे. त्या दिवशी खाणे बंद ठेवावे आणि ताजे पाणी हळूहळू सोडावे.

अचानक होणारा बदल तर फारच घातक. विकत आणलेली पिल्ले थेट तळ्यात ओतू नयेत. बंद पिशवी १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावे आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यावे. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी करावे, भर दुपारी नाही.

तळ्यात पाच फूट तरी पाणी राखावे. खोल पाणी लवकर तापत नाही, लवकर निवतही नाही. बोटुकली आणण्याआधी एक साधा तापमापक घ्यावा. सकाळी आणि दुपारी पारा पाहून वहीत लिहावा. घरातली शाळकरी मुलगीही हे करू शकेल. त्या आकड्यावरून खाणे ठरवले, तर पेंडही वाचेल आणि पिल्लेही.